लाल टोक उत्तरेला

मित्रांनो, माझ्या काचेवरचे ओरखडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुनं होकायंत्र आहे, पण साधंसुधं नाही. मला पट्ट्याने अंगठ्यावर बांधतात, हातात नकाशा धरतात आणि जीव खाऊन पळतात. ओरिएंटिअरिंग म्हणतात त्या शर्यतीला. अनोळखी गल्लीबोळांत नारिंगी-पांढरी निशाणं ठेवलेली असतात. ती नकाशावरून ओळीने शोधायची, प्रत्येक निशाणाला बोटावरची चिप टेकवायची आणि सगळ्यांत कमी वेळात पोहोचायचं. नुसते पाय असून भागत नाही, डोकंही लागतं. आणि डोकं चक्रावलं की मी लागतो!

चष्मा नाकावर घसरलेल्या एका कारागीर बाईंनी माझी सुई अलगद बसवली होती. "जा बाबा, कुणाला तरी वाट दाखव," असं त्या म्हणाल्या होत्या. मग मला एका धावपटू मुलीने विकत घेतलं. घरात सगळे तिला ताई म्हणत. काय पळायची ती! आम्ही शर्यतींमागून शर्यती मारल्या, आणि माझाही भाव चांगलाच वधारला.

मग आली कुमार गटाची आंतरराष्ट्रीय शर्यत. ताई सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या निशाणाआधी कमरेएवढी बुटकी भिंत लागली. नकाशात ती जाड काळ्या रेषेने दाखवली होती, म्हणजे ओलांडायला सक्त मनाई. ताईने घाईघाईत टुणकन उडी मारली. पहिली आली आणि बाद झाली. घरी येऊन तिने मला खणात फेकलं, बाबांच्या जुन्या स्पीकरशेजारी. त्यानंतर तिच्यासमोर शर्यतीचं नाव काढायची सोय उरली नाही.

अंधारात किती दिवस काढले, विचारू नका. पुन्हा उजेड दिसला तेव्हा ताईची धाकटी बहीण माझ्यावरची धूळ फुंकत होती. तीही आता धावत होती, आणि त्याच शर्यतीसाठी तिची निवड झाली होती.

"ताईचं राहिलेलं पदक मी आणणार, तेही ह्याच्याच सोबतीने," ती आईला म्हणाली. "मग बघते, ताई कशी घरात बसून राहते ते."

मी खूश! पण पहिल्याच सरावात घात झाला. धाकटी माझं ऐकून पळाली ती थेट उलट्या दिशेला. प्रशिक्षकांनी मला त्यांच्या होकायंत्राशेजारी धरलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, हे दक्षिणेला उत्तर म्हणतंय! लोहचुंबकाजवळ ठेवलं होतंस का? दे टाकून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्पीकरमधल्या चुंबकाने माझी सुई उलटी केली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

धाकटी रडवेली होऊन घरी आली. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने खणातला तो जुना स्पीकर उघडला आणि त्यातला चुंबक काढला.

"ह्यानेच बिघडवलंय ना? मग हाच सरळ करेल."

तिने तो माझ्या काचेवरून एकाच दिशेने सावकाश ओढला, पुन्हा ओढला. माझी सुई थरथरली, गर्रकन वळली आणि लाल टोक उत्तरेला जाऊन थांबलं.

"घे. का नवं हवंय?"

"हेच हवंय. आणि तू बघायला यायचं."

"अगं, पण मी..."

"यायचं म्हणजे यायचं!"

शर्यतीच्या दिवशी मुली एकामागून एक सुटत होत्या. धाकटी सुटली ती सुसाट! जिने, बोळ, कमानी, निशाणामागून निशाण. एका चौकोनी अंगणातल्या सगळ्या कमानी सारख्याच दिसत होत्या, तिथे ती गोंधळली. पाय डावीकडे निघालेसुद्धा. 'अगं बाई, बघ माझ्याकडे!' मी मनातल्या मनात ओरडलो. तिने बघितलं. नकाशा माझ्या लाल टोकाशी जुळवला आणि झटकन उजवीकडे वळली.

शेवटच्या निशाणाआधी मात्र बघतो तर काय! समोर पुन्हा तसलीच बुटकी भिंत! निशाण अगदी पलीकडेच दिसत होतं. तिथेच गर्दीत ताई उभी होती. धावणाऱ्याला काही सांगायला बंदी असते, म्हणून ती तोंडावर हात दाबून होती. धाकटीने नकाशावरची जाड काळी रेषा पाहिली, ती कुठे संपते ते पाहिलं आणि वळसा घालून अशी पळाली, अशी पळाली की माझा पट्टा करकरला. पीं! चिप टेकली. पुढे शेवटची रेषा.

फलकावर तिचं नाव सगळ्यांत वर लागलं. पण मागून सुटलेल्या मुली अजून यायच्या होत्या. एकेक येत गेली, नाव हललं नाही. शेवटची मुलगी आली तरी हललं नाही! ताई दोरीखालून घुसली आणि तिने धाकटीला उचलूनच घेतलं.

"जिंकलीस गं! भिंत दिसल्यावर उडी कशी नाही मारलीस?"

"भिंत बघून तूच आठवलीस!"

ताई हसता हसता रडायला लागली. तेवढ्यात धाकटीने मला सोडवलं आणि ताईच्या अंगठ्यावर चढवलं.

"उद्या इथेच प्रेक्षकांसाठी खुली शर्यत आहे. तुझं नाव दिलंय मी."

"आगाऊ आहेस," ताई म्हणाली. पण माझा पट्टा तिने स्वतःच आवळला.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हाला स्पीकरजवळ, मोबाइलजवळ ठेवू नका. आणि कुणी उलट्या दिशेला तोंड करून बसलंच, तर त्याला टाकून देऊ नका, आधी सरळ करून बघा. आता मला बोलायला वेळ नाही. खुल्या शर्यतीसाठी ताई सुटायच्या रेषेवर उभी आहे, आणि तिने आत्ताच माझ्याकडे बघितलंय.