वाटाडीची ऊब

"ही ताकद आहे की लोढणं?"

वकील पुटपुटले ते चहाच्या कपात. पण जेवणाचं टेबल चौघांना जेमतेम पुरणारं, त्यामुळे तिथे पुटपुटणं आणि दवंडी पिटणं यात फारसा फरक उरत नसे. सासूबाईंनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली की ही कला आपोआप अंगी येते.

वकील म्हणजे सासूबाईंचे यजमान. कोर्टाची पायरी ते जन्मात चढले नव्हते. त्यांचा धंदा सोफे आणि खुर्च्या शिवायचा. पण रविवारी दुपारी खेळायला बसले की नियमांच्या शब्दाशब्दाचा असा कीस पाडायचे, की सुनेने पहिल्याच महिन्यात त्यांना ही पदवी बहाल केली. सासऱ्यांनी ती सोफ्याच्या दुकानातही मिरवली.

खेळही सुनेनेच माहेराहून आणलेला. एकाने गोष्ट सांगायची, त्यात डोंगर, राक्षस, पडके किल्ले. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि आपण आता काय करणार ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासे सांगणार. सासूने सुनेच्या हाती किल्ल्या द्याव्यात अशी जगाची रीत. या घरात वर्षभरात सुनेनेच सासूच्या हाती फासे दिले. म्हणाली, आई, गोष्ट तुम्हीच सांगा, तुमच्या राक्षसांची खरोखर भीती वाटते. वकील म्हणाले, वाटणारच, अनुभवाचे बोल आहेत.

सासूबाई चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या. तयार नंबर सगळ्यांच्या डोळ्यांना चालत नाही, हे त्यांना रोजचं. तसंच खेळाच्या पुस्तकात पात्रांसाठी छापलेल्या खास ताकदींचं. म्हणून त्यांनी आपल्या माणसांच्या मापाच्या ताकदी घरीच बनवायला घेतल्या. चिरंजीवांचा योद्धा चिरंजीवांसारखाच, तलवार उपसायच्या आधी दहादा विचार करणारा. त्याला त्यांनी 'उशिरा सुचलेलं शहाणपण' दिलं: फासा पडून गेल्यावरही एकदा बेत बदलायची मुभा. वकिलांच्या म्हाताऱ्या जादूगाराला 'घासाघीस' दिली. मृत्यू दाराशी आला तरी तो त्याच्याशी वाद घालून थोडा वेळ पदरात पाडून घेई. प्रत्येक ताकदीला काहीतरी किंमत मोजावी लागे, नाहीतर खेळात मजा कसली? नवी ताकद चष्म्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आधी पेन्सिलीने लिहायची, खेळून बघायची, आणि टिकली तरच शाईने गिरवायची. काच नाकावर चढवून बघितल्याशिवाय पक्की करत नाहीत, तसंच हे.

आता पाळी सुनेच्या वाटाडीची होती. रानातल्या वाटा शोधणारी ही पोर सुनेने स्वतः घडवली होती. सून दात बनवायच्या कारखान्यात कामाला. कवळ्यांच्या साच्यातून उरलेल्या प्लास्टरच्या तिने तिघांच्या पात्रांच्या बोटभर बाहुल्या केल्या होत्या; चौकोन आखलेल्या कागदावर त्या सरकवायच्या. वाटाडीचा एक पाय उचललेला, पुढे टाकायच्या बेतात.

आणि पुठ्ठ्यावर सासूबाईंनी लिहिलं होतं: 'ऊब. वाटाडीपासून चार चौकोनांच्या आत असलेल्यांच्या जखमा भरतात. ती त्यापलीकडे गेली, तर मागे राहिलेल्यांना थंडी बाधते.'

त्यांनी हे मुद्दाम लिहिलं असं नाही. निदान त्यांचा तसा समज होता.

मध्यंतरी एक दिवस चिरंजीव वकिलांची मापाची पट्टी घेऊन आपल्या खोलीतलं कपाट मोजताना सासूबाईंना दिसले होते. काय रे, म्हटलं, तर म्हणाले, सहज. सहज म्हणून कोणी कपाट मोजत नाही. मग सुनेच्या फोनवर कुणीतरी दोन खोल्यांबद्दल, चांगल्या उजेडाबद्दल बोलत होतं. ती बोलत बोलत बाल्कनीत गेली आणि दार लोटून घेतलं. वकिलांना पट्टी परत मिळाली ती उलटी गुंडाळलेली, त्यावरून त्यांनाही काय ते कळलं. थोडक्यात, घरातल्या चौघांनाही माहीत होतं आणि चौघेही मिठाची गुळणी धरून बसले होते. पोरांना वाटे, आईला लागेल. वकिलांना वाटे, आपण कशाला मध्ये तोंड घालायचं. भांडण असतं तर सोपं गेलं असतं. दोन शब्द इकडचे, दोन तिकडचे, आणि मोकळं. पण भांडण नव्हतंच. सकाळी न्हाणीघरापुढे रांग लागे आणि घर लहान होतं, एवढंच. सासूबाईंना भीती वेगळीच होती. पोरं जातील, त्यांच्याबरोबर रविवार जाईल, आणि टेबलाशी वकील, आपण आणि दोन फासे उरू. जे बोललं नाही ते घडतही नाही, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

त्या दुपारी गोष्टीतली मंडळी एका नदीशी अडली होती. पूल मोडलेला. कुणीतरी दगडांवरून उड्या मारत पलीकडे जाऊन दोर बांधायला हवा होता आणि ते फक्त वाटाडीलाच जमणार होतं. ती गेली की ऊब तुटणार, जखमी जादूगार इकडे गारठणार. तेव्हाच वकिलांनी ते लोढण्याचं काढलं.

सासूबाईंनी खोडरबर घेतलं. आता लिहिलं, तिला जाता येईल, पण दिवस मावळायच्या आत परत यायचं. वकिलांनी विचारलं, राक्षस मारायला निघालीय की शिकवणीला? चिरंजीवांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. पुन्हा खोडलं. मग लिहिलं, ती जाईल तिथे सगळ्यांनी तिच्या मागोमाग जायचं. वकील म्हणाले, उत्तम, पूल नसताना माझा म्हातारा काय पोहत येणार?

"आधी खेळून तर बघा," सासूबाई जराशा तोडूनच म्हणाल्या.

सुनेने वाटाडीला हातात घेतलं. कागदावर काढलेल्या नदीकडे, पलीकडच्या काठाकडे बघितलं. फासा तिच्या मुठीत होता. मग तिने बाहुली अलीकडच्याच काठावर, म्हाताऱ्या जादूगाराला खेटून ठेवली आणि फासा खाली ठेवला.

"नाही जात मी. बसते इथेच. मागच्यांना थंडी बाधेल."

आवाजात ना रुसवा, ना टोमणा. तेच सासूबाईंना लागलं. ही पोर खरंच बसेल. एक पाय उचलून या काठावर वर्षानुवर्षं बसेल आणि वर आपल्यालाच विचारेल, आई, चहा टाकू का?

काच आपल्या डोळ्यांच्या नंबरची घासायची आणि दुसऱ्याच्या नाकावर चढवायची! दुकानात कुणी असलं काही केलं असतं तर सासूबाईंनी त्याचं डोकं खाल्लं असतं.

त्यांनी पुठ्ठा उलटा केला. कोऱ्या बाजूवर सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं: वाटाडीने निघताना शेकोटीतला एक निखारा मागे ठेवायचा. तो धगधगता आहे तोवर ती कितीही लांब गेली तरी ऊब दोन्हीकडे पोचते.

वकिलांनी किंमत विचारली. फुकट ताकद त्यांना चालत नसे.

"निखारा काय आपोआप जिवंत राहतो?" सासूबाई म्हणाल्या. "मागे राहिलेल्यांनी फुंकर घालत राहायची. आणि तिच्याकडची शेकोटी विझली, तर तिने लाजायचं नाही. विस्तव मागायला यायचं."

वकिलांनी चष्मा वर सारून सगळे शब्द उलटेपालटे करून पाहिले. फट सापडली नाही. सोफ्याची शिवण ओढून बघावी तसा त्यांनी पुठ्ठा दोन्ही टोकांना धरून ताणला आणि म्हणाले, टिकेल.

सुनेने फासा टाकला. बरा पडला. वाटाडी दगडादगडांवरून पलीकडे पोचली. तिथे तो उचललेला पाय अगदी बरोबर दिसत होता. सासूबाई टेबलावर वाकल्या आणि जादूगाराच्या पायाशी, जिथे निखारा आहे असं सगळ्यांनी मानलं होतं तिथे, त्यांनी हळूच फुंकर घातली. फुंकर जरा जास्तच झाली; जादूगार आडवा पडला. वकिलांनी तक्रार केली नाही.

चिरंजीव टेबलाची कड नखाने खरवडत होते. सून बाहुलीकडे बघत होती, तिचे डोळे भरले होते.

सासूबाईंनी पेनचं टोपण काढलं, ताकद शाईने गिरवायला घेतली आणि मान वर न करता म्हणाल्या,

"तुम्ही दोघं वेगळं राहायला जाताय. तर आधी मला हे सांगा, त्या घरात कपाट मावतंय का?"