कार्ड लिहून राह्यलं!

लग्नाचे फोटो काढणाऱ्या अमरने नवा कॅमेरा घेतला तेव्हा मूल नावाच्या त्याच्या गावात अर्ध्या लोकांना तो दाखवून झाला. बटण दाबून धरलं की धडाधड फोटो निघतात, थांबतच नाहीत, असं तो ज्याला त्याला सांगे. मेमरी कार्ड मात्र त्याने जुन्या कॅमेऱ्याचंच घातलं होतं. कार्डात जागा होती, ते चालत होतं, मग बदलायचं कशाला?

सावली तालुक्यातल्या एका खेड्यात रोशनीचं लग्न होतं. मंगलाष्टकं संपली, अक्षता उडाल्या, बँड सुरू झाला. नवरदेवाला दोस्तांनी खांद्यावर उचलताच अमरने बटण दाबून धरलं. कॅमेरा थोडा वेळ खडखडला आणि गप्प झाला. लाल दिवा तेवढा लुकलुकत राहिला. नेमकी तेव्हाच रोशनीने उडी मारली आणि हार बरोब्बर नवरदेवाच्या गळ्यात पडला.

"थांबा, थांबा! कार्ड लिहून राह्यलं!" अमर ओरडला.

नवरदेवाचे काका मनसारामभाऊ समोरच उभे होते. "आता काऊन लिहून राह्यलं?" ते म्हणाले. "लग्नाचे कार्डं त मी कवाचे वाटून आलो!"

मांडव हसून लोटपोट झाला. अमरने हात जोडले. "भाऊ, ते कार्ड नाई, कॅमेऱ्यातलं. ते आधीचे फोटो साठवून राह्यलं, म्हणून हाराचा फोटोच नाई निघाला. एकडाव पुन्हा हार घाला ना."

"एका मांडवात दोनदा लग्न लावतं का बे आमच्या पोराचं?"

शेवटी रोशनीनेच तोडगा काढला. तिने नवरदेवाच्या गळ्यातला हार स्वतःच काढून घेतला. पण दोस्तांचा जोर पहिल्याच वेळी संपला होता. त्यांनी नवरदेवाला कसाबसा उचलला, तो घसरला, आणि फेटा नाकापर्यंत आला. फोटो निघाला खरा.

अमरच्या स्टुडिओत अल्बम लावायचं काम त्याची बायको साधना करी. तिने तो फोटो मोठा करून पाहिला.

"अवो, हा नवरदेव आहे का नुसता फेटा आहे?"

दुसऱ्या दिवशी दोघं नवं कार्ड घ्यायला बस धरून चंद्रपूरला गेले.

पत्रूभाऊंचं कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान बसस्टँडजवळ होतं. माणूस गोल, हसरा आणि बोलण्यात पक्का. त्यांनी काचेवर एक कार्ड ठेवलं. "हे घ्या. दोनशे छप्पन जीबी. जिंदगीभर लग्नं काढा, भरत नाई."

"भरायचा प्रश्नच नाई, भाऊ," अमर म्हणाला. "मले लवकर लिहिणारं पायजे."

"मंग हे पाहा ना, आकडा किती मोठा छापला आहे!"

साधनाने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "भाऊ, हा आकडा त फोटो कंप्युटरवर घेतानाच्या वेगाचा. लिहायचा कोणता?"

पत्रूभाऊंनी कार्ड उलटंपालटं केलं. लिहिण्याचा आकडा काही सापडेना. "असं करा," ते म्हणाले, "लावूनच पाहा."

आता फोटो काढायचा कशाचा? समोरच्या कपाटाचे फोटो काढण्यात अमरला राम वाटेना. त्याला हलणारं काहीतरी हवं होतं. पत्रूभाऊंनी आजूबाजूला पाहिलं, शर्ट खाली ओढला, आणि गल्ल्यामागून बाहेर येऊन जागच्या जागी उड्या मारायला लागले.

जीबीवालं कार्ड तिसऱ्या उडीला अडलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. पत्रूभाऊ धापा टाकत म्हणाले, "थांबू का?"

"थांबा. दुसरं लावतो."

दुसरं कार्ड मधल्या किमतीचं होतं. त्याच्यावर लहानशा अक्षरात 'व्ही' आणि पुढे तीस असं लिहिलेलं होतं, म्हणजे सेकंदाला निदान तीस एमबी लिहिण्याची हमी. पत्रूभाऊ उडाले, कॅमेरा खडखडला आणि खडखडतच राहिला. पत्रूभाऊ थकले, पण कॅमेरा थकला नाही. दुकानाच्या दाराशी माणसं जमली.

"आता सगळ्यात महागवालं!" पत्रूभाऊंना हुरूप आला होता. त्या कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांच्या दोन ओळी होत्या. पत्रूभाऊ पुन्हा उडाले. निकाल तोच आला, तसूभरही फरक नाही.

"आपल्या कॅमेऱ्यात एकाच ओळीची जागा असंल," साधना म्हणाली. "दुसरी ओळ काय नुसती पाह्यले घ्यायची?"

मधलं कार्ड पक्कं झालं. पण पत्रूभाऊ सोडेनात. त्यांना फोटो पाहायचे होते. एका फोटोत ते खाली पोहोचले होते आणि पोट अजून वरच होतं. ते पाहून त्यांना इतकं हसू आलं, की डोळे पुसत त्यांनी तोच फोटो मोठा करून मागितला. दुकानात लावायचा होता म्हणे.

पुढचं लग्न भद्रावतीला होतं. नवरी नीलिमा, नवरदेव विक्की. या वेळी अमरने नवरदेवाला उचलण्याच्या आधीपासून हार गळ्यात विसावेपर्यंत बटणावरचं बोट काढलं नाही. कार्ड कुठेच अडलं नाही. तो छाती काढून घरी आला.

साधना एकेक फोटो पाहत गेली आणि तिच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. हार हवेत, विक्कीचे डोळे मिटलेले. हार नाकाशी, डोळे मिटलेले. हार गळ्यात, तरी डोळे घट्ट मिटलेले. पोरगं हाराला भ्यालं होतं.

"अवो, डोळे उघडाचं कार्ड भेटते का चंद्रपूरले?"

अमर मटकन खुर्चीत बसला. साधना मात्र पुढे पाहतच राहिली. पाहता पाहता एकदम थांबली आणि तिने त्याच्या दंडाला हिसका दिला.

एका फोटोत, फक्त एकाच, हार टेकल्याबरोबर विक्कीने एक डोळा किलकिला करून पाहिलं होतं, आणि तिकडे नीलिमाला हसू आवरत नव्हतं. मागच्या-पुढच्या फोटोत तो डोळा मिटलेलाच.

नीलिमाने अल्बम पाहिला आणि भिंतीसाठी तोच फोटो निवडला. विक्की म्हणाला, "हा काऊन? मी किती येड्यावानी दिसून राह्यलो!"

"म्हणून त," ती म्हणाली.