खाऱ्या मातीचं टेकाड

पातूरहून अकोल्याला जाणाऱ्या सडकेच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, बौद्ध मंडळींची वस्ती होती. घरं सगळी धाब्याची, म्हणजे वर सपाट मातीचं छत. पावसाळ्याआधी त्यावर खाऱ्या मातीचा थर दाबून बसवला नाही, तर चुलीतसुद्धा पाणी टपकायचं. ती माती शोधत फिरायची गरज नव्हती. वस्ती आणि नदी यांच्या मधोमध तिचं टेकाडच होतं. दर उन्हाळ्यात बायका टोपल्या घेऊन जायच्या आणि अलीकडच्या अंगानं उकरून आणायच्या.

त्या वर्षी माती घालायला शालू स्वतः धाब्यावर चढली. ती नववीत होती, जयंतीच्या सभेत मोठ्या माणसांपुढे भाषण करून आली होती, आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मातीचा थर ती अशी नाचून नाचून तुडवत होती, की इंदूबाईला, तिच्या मायला, खालून बजावावं लागलं, बाई, छत राखायचं आहे, पाडायचं नाही.

उकरून उकरून टेकाडाच्या कुशीत चांगली कोनाड्यासारखी जागा झाली होती. तिथं तिच्या बाबाची, देवमनची, काळी मोटार उभी राहायची. अकोटच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडे देवमननं कितीतरी वर्षं गाडी हाकली होती. मालकानं नवी घेतली तेव्हा ही जुनी त्याला मिळाली. पातूर-अकोला तो सवाऱ्या नेई. ज्यांनी कधी त्याला ओसरीवर चढू दिलं नव्हतं, तेही आता त्याच्या शेजारी गुडघ्याला गुडघा लावून बसत.

भाद्रपदात झड लागली, आणि सोबत वारा असा की कवाडं थरथरत. देवमननं मोटारीला ताडपत्री आवळली, चाकं सरकू नयेत म्हणून दगडांची उटी लावली. बायकांनी धान्य माळ्यावर चढवलं. जो तो छताकडे पाहत होता, आणि छत कुठंच गळत नव्हतं. शेजारच्या बुधाजीनं तर शालूच्या तुडवणीचं कौतुकही केलं.

दुपारी ताडपत्री बघायला गेलेल्या शालूला मोटारीमागची माती पाझरताना दिसली. ती टेकाडावर चढली आणि थिजली. नदी पलीकडून टेकून उभी होती, गढूळ, फुगलेली. कोनाड्याच्या जागी तिच्यात आणि वस्तीत उरली होती ती नुसती मातीची भिंत. डोक्यावरचं पाणी अडवायला त्यांनी दर साली बाजूचा बांधच उकरून नेला होता.

तिनं धावत जाऊन सांगितलं. बुधाजीला पटेना.

"नदी कई आली व इकडं? माह्या जल्मात नाई आली."

"आजा, तुमच्या जल्मात टेकाड एवढं बारीक नोतं."

देवमननं जाऊन भिंतीला तळवा लावला. बोटं आत रुतली. त्यानं ताडपत्री ओढून फेकली, उटी काढली, हँडल मारलं आणि मोटार बाहेर काढली. ती सडकेच्या चढाला लागते न लागते तोच मागं भिंत ढासळली आणि पाणी आत शिरलं. माणसं पोत्यांत माती भरून टाकू लागली, पण अडायला काही नव्हतं. पोती टाकली की वाहून जात.

देवमन गाडीत स्टिअरिंगपाशी बसून मागं पाहत होता. म्हातारे अजून घरांत होते. त्यानं गाडी वळवली.

इंदूबाईनं दार धरलं. "काय करून राहिले तुमी?"

"मातीची घरं हायेत, इंदू. पाणी भिंतीले लागलं की बसतीन खाली. सोड."

तिनं सोडलं. खिंडारात त्यानं मोटार आडवी घातली, इंजिन बंद केलं आणि पाण्यातून चाचपडत बाहेर आला.

"टाका आता."

कोणी टाकेना. भरली पोती, भरल्या टोपल्या हातात तशाच. त्या मोटारीत त्या घराचं काय काय होतं, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग शालू पुढं झाली. बाबा रोज फडक्यानं पुसायचा त्याच बॉनेटवर तिनं टोपली उपडी केली. तिच्यामागून सारी वस्ती तुटून पडली.

दिवस मावळेपर्यंत पाणी थोपलं. बुधाजीची एक भिंत बसली, बाकी घरं उभी राहिली.

पूर ओसरल्यावर मोटार उकरून काढू म्हणून माणसं फावडी घेऊन आली. तिच्या छतापर्यंत गाळ भरला होता. काढली तर खिंडार पुन्हा उघडं पडेल, पाऊस सरेपर्यंत राहू द्या, असं देवमननं सांगितलं. तोवर इंजिनाचं काय होणार, हे त्याला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो जुन्या मालकाकडे काम मागायला अकोटला निघाला. शालू त्याची पिशवी घेऊन सडकेपर्यंत गेली. एसटी समोर आली तेव्हा तिनं पिशवी पुढं केली.

"बाबा, पयली टोपली मीच टाकली."

"पाह्यलं मी. कोणाले तरी टाकाच लागत होती."

पिशवी घेऊन तो चढला. ती परतली तेव्हा बायका दूरच्या पडीक रानातून माती आणून टेकाडावर घालत होत्या. तिनं घरातून टोपली उचलली आणि त्यांच्या मागं गेली.