दचकणारी कोंबडी

सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. बाई वाईट नव्हती. चहाड्या करणं, भांडणं लावणं हा तिचा प्रांतच नव्हे. पण कळलेली गोष्ट कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला जेवण पचत नसे, त्याला कोण काय करणार? ‘तुला म्हणून सांगते’ अशी सुरुवात करून ती एकच गोष्ट गल्लीतल्या एकूण एक माणसाला सांगून यायची आणि मग समाधानाने पाय पसरून बसायची.

आणि नेमक्या याच घराच्या मागच्या खोलीत तिच्या सुनेचा खेळण्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक करवत, लाकूड कातायचं एक लेथ, रंगाचे डबे आणि सून.

सुनेने सध्या एक अस्वल केलं होतं. लाकडी, तळहाताएवढं, आत्ताच कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखं वैतागलेलं. उतारावर सोडलं की ते कोलांट्या मारत खाली यायचं आणि कसंही आपटलं तरी शेवटी उठून बसायचं. सगळी जादू त्याच्या पोटातल्या सरकत्या वजनात होती. ते वजन तिने वर्षभर कापलं, घासलं, चिडून खिडकीतून फेकलं आणि परत शोधून आणलं. अस्वल पहिल्यांदा उठून बसलं तेव्हा ती एकटीच खोलीभर नाचली आणि नाचता नाचता पिवळ्या रंगाच्या डब्यात पाय घातला.

या आनंदाला ग्रहण एकच, कार्बन भावजी. हा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. कार्बन पेपरवरून पडलेलं हे नाव असं चिकटलं, की त्याचं खरं नाव आता त्याची आईसुद्धा घेत नसे. सुनेचा शेपूट हलवणारा कुत्रा दुकानात गेला, की महिन्याभरात कार्बनचा प्लॅस्टिकचा कुत्रा निम्म्या किमतीत तीच शेपूट हलवत हजर. दोरीवर चढणाऱ्या माकडाचंही तेच झालं. तिसऱ्यांदा असा दणका बसला असता तर कारखान्याला कुलूप घालून कुणाच्या तरी दुकानात हिशेब लिहीत बसायची पाळी आली असती.

म्हणून यंदा ती आधी वकीलबाईंकडे गेली.

“पेटंटचा अर्ज सोमवारी दाखल करू,” वकीलबाई म्हणाल्या. “आकृत्या नीट काढायला तेवढे दिवस लागतीलच. तोवर हे अस्वल कुणाला दाखवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. एकदा चारचौघांत फुटलं, की मग ते तुमचंच आहे म्हणून भांडणं फार कठीण. घरात कोण कोण असतं?”

“मी, हे आणि...” सुनेने आवाज खाली आणला. “सासूबाई.”

तिने खोलीला आतून कडी घालायला सुरुवात केली. सासूबाईंना ते लागलंच. दुसऱ्या दिवशी कडी नेमकी नीट बसली नव्हती. त्या चहा घेऊन आत शिरल्या तेव्हा अस्वल फळीवरून गडगडत येऊन त्यांच्या पायाशी उठून बसलं.

“अगंबाई! हे तर बसलं की!”

सुनेने सासूबाईंचे दोन्ही हात धरले, चहासकट.

“आई, पाया पडते. सोमवारपर्यंत कुणाला बोलू नका. हे बाहेर गेलं तर कारखाना संपला, आणि मीही संपले.”

सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझी शपथ. मेले तरी बोलणार नाही.”

शपथ खरी होती, पण सवय तिच्याहून जुनी होती. दुपारपर्यंत त्या येरझाऱ्या घालत होत्या. जेवण गेलं नाही. झोप लागली नाही. संध्याकाळी सुनेने खिडकीतून पाहिलं, तर सासूबाई समोरच्या शिंपिणीच्या दुकानात, भोवती चार बायका आणि हवेत दोन्ही हात! सून पायात चप्पल न घालता धावली. दाराशी पोचते तोच कानावर आलं, “तुला म्हणून सांगते, माझी सून एक कोंबडी करतेय.”

सून जागच्या जागी थांबली.

“उलटी चालते,” सासूबाई रंगात आल्या होत्या. “तोंड इकडे, चाल तिकडे. चार पावलं मागे गेली की अंडं घालते. आणि मग स्वतःचंच अंडं बघून अश्शी दचकते!” त्या दचकल्या. त्यांना बघून शिंपीणही दचकली आणि मशिनीची सुई भलतीकडेच गेली.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “काहीतरी बाहेर पडायलाच हवं होतं गं. पोट फुगलं होतं. खरं बोलायचं नाही म्हणालीस, म्हणून खोटं बोलले. चुकलं का?”

सुनेने त्यांना मिठी मारली. पुढचे दिवस घरात नुसता धिंगाणा. कोंबडी रोज वाढत होती. किराणावाल्याकडे तिला लाल तुरा फुटला. दूधवाल्यापर्यंत पोचेतो ती दचकल्यावर पंखांनी डोळे झाकायला लागली. सून मागच्या खोलीत आकृत्या काढता काढता हसायची आणि मग रेघ खोडून पुन्हा काढायची.

शनिवारी कार्बन भावजी आला. हातात बिस्किटांचा पुडा.

“काकू, तब्येत काय म्हणते?” ज्याने आजवर काकूला कधी पाणीही विचारलं नाही, तो तब्येत विचारत होता.

“बस रे. तुला म्हणून सांगते...”

आणि सासूबाईंनी कोंबडी करून दाखवली. कमरेवर हात ठेवून, मान पुढे काढून त्या बैठकीच्या खोलीत उलट्या चालल्या. टेबलाला धडकल्या. पदरातून लोकरीचा गुंडा खाली टाकला, मागे वळून पाहिला आणि ‘आई गं!’ म्हणत दोन्ही तळवे डोळ्यांवर! दाराआड सुनेने तोंडात रुमाल कोंबला होता, तरी नाकातून हसू बाहेर येत होतं. कार्बन मात्र हसला नाही. तो मन लावून बघत होता.

“दचकते ती कशी, काकू? मानेत स्प्रिंग?”

“मग! स्प्रिंगच,” सासूबाईंनी त्याला उदारपणे स्प्रिंगही देऊन टाकली.

सोमवारी अर्ज दाखल झाला. अस्वल सुनेचं झालं, निदान रांगेत सगळ्यांच्या पुढे तिचा नंबर लागला. तिने वकीलबाईंच्या ऑफिसातच टाळ्या वाजवल्या.

पुढे दोनेक महिन्यांनी चौकातल्या खेळण्यांच्या दुकानासमोर ही गर्दी! काचेमागे कार्बनची कोंबडी उलटी चालत होती. अंडं घालत होती, दचकत होती, डोळे झाकत होती. पोरं काचेला नाक लावून खिदळत होती आणि आईबाप पाकिटं काढत होते. सुनेने भीतभीत सासूबाईंकडे पाहिलं. आणि तशीच ती त्यांना तडक वकीलबाईंकडे घेऊन गेली. वाट बघणाऱ्या माणसांनी ऑफिस भरलं होतं.

“कल्पना यांची आहे,” सून तावातावाने म्हणाली. “चोरलीय त्याने!”

सगळं ऐकून वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून पाणी आलं होतं. “आजी, कोंबडी झकास आहे. पण तुम्ही ती शिंपिणीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना फुकट वाटलीत. त्याला स्प्रिंगसुद्धा तुम्हीच दिलीत. आता मी कुणावर आणि कसला दावा लावू?”

सुनेला वाटलं, आता आई रडणार. पण सासूबाईंचा चेहरा फुलून आला होता.

“जाऊ दे गं त्याला. अगं, एवढा जन्म बडबड केली मी. सगळे म्हणायचे, म्हातारीला काम नाही. चोरून न्यावं असं माझ्या तोंडून काही निघेल, हे मलाच ठाऊक नव्हतं!”

लग्न झाल्यापासून सून ही बडबड लेथच्या आवाजात बुडवत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याच क्षणी एवढा आनंद झाला, की तिथेच नाचावंसं वाटलं.

“आई,” तिने सासूबाईंचा हात धरला, “अजून काय काय आहे डोक्यात?”

“अगं, काय नाही ते विचार! एक हत्ती आहे बघ, तो ना...”

सासूबाई थांबल्या. त्यांनी खुर्च्यांवर बसलेल्या माणसांवरून सावकाश नजर फिरवली. मग सुनेचं मनगट पकडलं आणि तिला दाराकडे ओढलं.

“इथे नको,” त्या कुजबुजल्या. “घरी चल.”