तांबडीचा पाय आणि भुरीचा जळफळाट

मित्रांनो, लोह्याहून कंधारकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव आहे. तिथल्या विठाबाईच्या अंगणातली सगळ्यात म्हातारी कोंबडी म्हणजे मी. माझं नाव भुरी. गावरान कोंबडीची कहाणी ऐकायला कोण बसतं, हे मला ठाऊक आहे. तांबडीची मात्र सगळ्या गल्लीनं ऐकली. म्हणून आज माझी सांगते.

विठाबाईच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भुसकट भरलेल्या टोपलीत मी अंड्यातून बाहेर आले. ज्वारीच्या कण्या खाऊन मोठी झाले. अंडी मी लहानच दिली, पण खुडूक बसावं तर मीच. एकदा अंड्यांवर बसले की कुत्रं आलं तरी हलायची नाही. गल्लीतल्या बायका आपली अंडी पदरात घेऊन यायच्या आणि माझ्याखाली ठेवायला लावायच्या. विठाबाई मोठ्या तोऱ्यात सांगायची, "माझी भुरी बसली की अंडं वाया जात न्हाई." सकाळी दार उघडलं की दाण्याची पहिली मूठ माझ्यापुढं पडायची. त्या मुठीवर माझा हक्क आहे, असं मी धरून चालले होते.

मग विठाबाईच्या मुलाचं, भागवतचं लग्न झालं आणि विशाखा घरात आली. पहिल्या दिवाळीला ती देगलूरकडं माहेरी गेली आणि येताना एसटीतून एक टोपली झाकून घेऊन आली. टोपलीतून तांबडी निघाली. ती गिरिराज जातीची होती. अंगानं माझ्या दुप्पट, पिसं तुपात बुडवून काढल्यासारखी चकचकीत. पायही जाडजूड आणि पिवळेधमक. पहिल्याच आठवड्यात तिनं एवढं मोठं अंडं दिलं की विठाबाईनं ते हातात घेऊन उजेडाला धरून पाहिलं. माझं अंडं तिनं तसं कधी धरलं नव्हतं.

तांबडीला खुडूक बसणं माहीतच नव्हतं. तिची अंडी माझ्याखाली ठेवली. मी ती उबवली, दाणापाण्यालासुद्धा घाईघाईनं उठायची आणि परत येऊन बसायची. पिल्लं निघाली, अंगणभर पळू लागली, आणि येणारी-जाणारी माणसं म्हणू लागली, "तांबडीची पिल्लं लई झ्याक हायत." तांबडी तेव्हा उकिरड्यावर किडे उकरत होती. मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या पोटात जे पेटलं ते काही विझलं नाही.

आमचा खुराडा भागवतनं बांधलेला. भिंती तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, आणि बसायला बाभळीची एक आडवी काठी, चांगली उंच, गाठीगाठीची. खाली फरशी. काठीच्या आतल्या टोकाला बसायचा मान माझा होता. तांबडीनं एका धक्क्यात तो घेतला. रोज पहाटे ती तिथून फरशीवर उडी टाकायची. तिच्या वजनाचा धप्प असा आवाज व्हायचा आणि मी दचकून जागी व्हायची.

एक दिवस तो आवाज निराळा आला. तांबडी उतरली ती एक पाय उचलूनच. थोडं चालली आणि बसली. दाणे टाकले तरी उठली नाही. मी तिच्या वाट्याचे दाणे खाल्ले. ते फार गोड लागले.

विशाखानं तिला उचललं, उलटं करून मांडीवर घेतलं आणि तळपाय पाहून सासूला हाक मारली. "मामी, बघा. तळव्यात गाठ आलीय. मधी काळी खपली हाय."

विठाबाई शेंगा फोडत बसली होती. "तुराटीचं टोक घुसलं आसंल. रॉकेल लाव, जाईल."

विशाखानं लोह्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. फोनवरचा आवाज अंगणात सगळ्यांना ऐकू येत होता. "रॉकेल नको, कातडी जळते. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय भिजवा. खपली मऊ होऊन आपसूक निघाली तर निघू द्या. ब्लेडनं कोरत बसू नका. मग पुसून आयोडीनचं मलम लावा, पट्टी बांधा आणि कोरड्या, मऊ जागेवर ठेवा. सूज वर चढली, पाय गरम लागला किंवा तिनं खाणं सोडलं, तर मात्र इकडं घेऊन या."

त्या दिवसापासून तांबडीचं राज्य सुरू झालं. विशाखा सकाळी घमेल्यात पाणी घ्यायची आणि आधी आपलं कोपर बुडवून बघायची, फार कढत नाही ना. तांबडीला टॉवेलात गुंडाळायची. डोक्यावरून टॉवेल घेतला की ती शांत व्हायची, जणू झोपलीच. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून विशाखा तिचा पाय पाण्यात धरून बसायची. मग पुसणं, मलम, कापसाची छोटी गादी, बोटांच्या मधून फिरवून घेतलेली पट्टी. पट्टी फार आवळायची नाही, बोटं गार पडली तर सोडून पुन्हा बांधायची. शेवटी साबणानं हात धुवायचे. तांबडीला राहायला घरात टोपली, टोपलीत सोयाबीनचं मऊ भुसकट. भिजवलेली ज्वारी थेट तिच्या चोचीपुढं.

मी दाराच्या उंबऱ्यावर उभी राहून बघायची. माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी मांडीवर घेतलं नव्हतं. मला उचललं ते अंडी बघायला, नाहीतर पावसात आत टाकायला. मनात यायचं, हिचा पाय कधीच बरा होऊ नये. आणि लगेच यायचं, उद्याच बरा व्हावा, म्हणजे ही त्या मांडीवरून उतरेल.

जळणारी मी एकटी नव्हते. गल्लीतल्या बायका आता विठाबाईला सोडून विशाखाकडं यायला लागल्या. कुणी आपली लंगडी कोंबडी काखेत घेऊन यायची, कुणी नुसती बघायला. "डॉक्टरीनबाई हाय का घरात?" असं विचारायच्या. विठाबाई चुलीपुढं भांडी जोरात ठेवायची. "कोंबडी हाय ती, लेक न्हाई," ती म्हणायची. "कोंबडीला कुनी मांडीवर घेतंय का?" दिवसातून कितीदा तरी म्हणायची. मला ते ऐकून बरं वाटायचं. वाटायचं, ही माझ्या बाजूनं बोलते आहे.

मग एका संध्याकाळी भागवत जेवताना म्हणाला, "रविवारी हदगावचे दाजी येणार हायत. कोंबडी करावी लागंल. लंगडी तशीबी जायचीच हाय, तिलाच करू."

विशाखाचा हात भाकरी वाढता वाढता थांबला. "ती बरी होतीय. गाठ निम्म्यानं उतरलीय. आन् दुखण्यातली कोंबडी पाव्हण्याला घालायची का?"

"मग भुरीला करू. तिनं अंडी देणं कवाच सोडलंय."

मी दारातच होते. मी विठाबाईकडं पाहिलं. आता ती बोलेल, ताट सरकवेल, मुलावर ओरडेल, असं मला वाटलं. विठाबाई खाली बघून भाकरी कुस्करत राहिली. रोज उठून ज्या तोंडानं ती "कोंबडी हाय, लेक न्हाई" म्हणत होती, त्याच तोंडानं आता सुनेपुढं माझ्यासाठी काय बोलणार होती? मित्रांनो, सुरीपेक्षा मला त्या गप्प बसण्याची भीती वाटली.

रविवार उजाडला. विठाबाई लवकर उठून मागच्या दारी जाऊन बसली. त्या सकाळी दाणे कुणी टाकलेच नाहीत. भागवतनं विशाखाला मला धरायला सांगितलं. मी पळाले, पण फार पळता येईना. विशाखानं मला कोपऱ्यात गाठलं आणि दोन्ही पाय मुठीत धरले. आणि ती थांबली.

तिनं मूठ सोडली, मला छातीशी घेतलं आणि पायरीवर बसून माझे पाय उन्हात धरले. माझ्या पायांचे खवले कधीपासून उचलले होते. खाली पांढरी भुकटी साचली होती, पाय जाडजूड, खडबडीत झाले होते. आत बारीक किडे चालत राहायचे. रात्रभर ठणका लागायचा, आणि काठीची गाठ नेमकी तिथंच टोचायची. पण मी लंगडले नव्हते. आम्ही कोंबड्या दुखणं लपवतो. दुबळं दिसलं की आपल्याच सोबतिणी टोचायला येतात.

"मामी," विशाखानं हाक मारली, "जरा इकडं या."

विठाबाई आली. तिनं माझा पाय हातात घेतला आणि अंगठा खवल्यावरून फिरवला. मी पाय ओढून घेतला.

"रोज डोळ्यापुढं होती," विशाखा म्हणाली. "मी दुसऱ्यांच्या कोंबड्या बघत बसले, हिच्याकडं बघितलंच न्हाई."

"तू कशाला बघशील," विठाबाई म्हणाली. "कोंबडी माझी हाय."

मग विठाबाईनं आत तोंड करून सांगितलं, "भागवत, मळ्यातून वांगी घेऊन ये. भरीत करू, अंड्याचं कालवण करू."

भागवत बाहेर आला. "आन् दाजीला काय सांगू?"

"सांग, आईनं कोंबडी दिली न्हाई म्हणून."

दुपारी दाजी आले, शिवशंकर त्यांचं नाव. जेवताना त्यांनी भरीत दोनदा मागून घेतलं आणि कोंबडीचं नावही काढलं नाही. मी तेव्हा माजघरात विठाबाईच्या मांडीवर होते. कसं करायचं ते डॉक्टरांना फोनवर विचारून विशाखा सांगत होती. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवायचे, जुन्या मऊ ब्रशनं हळू घासायचे, उचललेला खवला ओढायचा नाही. कोरडं करून खोबरेल तेल चोपडायचं, खवल्यांच्या आत जाईल असं, म्हणजे किडे गुदमरून मरतात. हे पुन्हा पुन्हा करायचं, आणि खुराड्यातल्या सगळ्याच कोंबड्यांना करायचं, कारण ते किडे एकीकडून दुसरीकडं जातात. विठाबाई मान हलवत होती आणि तिचा हात माझ्या पाठीवर होता. मला गुंडाळायला जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला होता. तांबडीला टॉवेल होता. ते मला दिसलं.

भागवतनं बाभळीची काठी काढली आणि गुळगुळीत, जाड लाकूड खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलं. तुराट्यांची टोकं छाटली. फरशीवर भुसकट पसरलं. तांबडीची गाठ उतरली, पट्टी सुटली. माझे जुने खवले गळले आणि खाली पिवळी कातडी दिसू लागली. गल्लीतल्या बायका आता दोघींना विचारतात, आणि आधी विठाबाईला.

मित्रांनो, तुमच्या अंगणात कोंबड्या असतील तर एवढं करा. त्यांना नुसते दाणे टाकून वळू नका. अधूनमधून उचलून घ्या, उलटं करून तळवे बघा, बोटांच्या बेचक्या बघा, खवले बघा. लंगडण्याची वाट बघू नका. बसायची काठी उंच असेल तर खाली आणा, टोकदार असेल तर तासून घ्या. आणि जी अंडी देत नाही, मोठी दिसत नाही, कुणी तिचं कौतुक करत नाही, तिचेही पाय बघा. तिचेच आधी बघा.

आता विठाबाई आठवड्यातून एकदा सगळ्यांचे पाय तपासते. पहिली मला घेते. तांबडी समोर मान वाकडी करून उभी असते, आपला नंबर कधी येतो म्हणून. मी मुद्दाम डोळे मिटून घेते आणि विठाबाईच्या मांडीवर आणखी थोडा वेळ पडून राहते.