रेघेबाहेरची नळी

आमच्या इस्पितळात रक्त गोठतंय की नाही हे सांगणारं मोठं यंत्र नाही. काचेच्या कोरड्या नळीत रुग्णाचं थोडं रक्त घ्यायचं, ती न हलवता वीस मिनिटं उभी ठेवायची आणि मग हलकेच आडवी करायची. आत गोळा झाला असेल तर आशा धरायची, पाण्यासारखं वाहिलं तर घरच्यांना आत बोलवायचं. शेजारी धडधाकट माणसाच्या रक्ताची दुसरी नळी असते, म्हणजे दोष काचेचा की रक्ताचा ते कळतं. ही दुसरी नळी वर्षानुवर्षं माझीच. डॉक्टर सुबर्ण दिवसभर लोकांची पोटं फाडतील, पण स्वतःला सुई टोचायची म्हटली की हात मागे घेतात आणि वर मलाच ऐकवतात, "दिलसरा, तुझं रक्त तुझ्या स्वभावासारखंच आहे. एकदा बसलं की जागचं हलत नाही."

यंदा भाइटीकेच्या, आमच्या भाऊबीजेच्या, आदल्या दुपारी वरच्या गावाहून येणारी बस नदीत कोसळली आणि तिच्यातून मनबीर दाइला आणलं. मला लहानाची मोठी करणारा हा माझा एकुलता एक भाऊ. आईबाप गेल्यावर खेचरांच्या मागे डोंगर तुडवून त्याने मला नर्स केलं, आणि दर तिहारला, दिवाळीला, तो कुठेही असला तरी खिशात अक्रोड घेऊन माझ्याकडे टीका लावून घ्यायला यायचा. यंदाही अक्रोड खिशातच होते. माणूस मात्र बर्फासारखा गार पडला होता, कंबरेचं हाड मोडलं होतं, एक पाय चेंगरला होता आणि पोटात रक्त साचलं होतं.

डॉक्टरांनी पोट उघडलं, आत कापडाच्या घड्या दाबून भरल्या, वरवर टाके घातले आणि त्याला तसंच बाहेर आणलं. पोलिसांच्या छावणीतून जवान येऊन ताजं, गरम रक्त देऊन गेले. पण ते इकडून घालावं आणि तिकडून गळावं. सुईच्या प्रत्येक भोकातून, हिरड्यांतून, टाक्यांच्या फटींतून ते पाझरतच होतं. इतका मार बसला आणि अंग इतकं गार पडलं की रक्त गोठायचंच विसरतं. सकाळी त्याची नळी आडवी केली तर रक्त तोंडाशी धावत आलं. माझ्या नळीत घट्ट गोळा.

"दुपारपर्यंत गोठलं नाही तर मग काही खरं नाही," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "टीका लावायची असेल तर लावून घे, बहिनी."

एरवी ते मला बहिनी, धाकटी बहीण, म्हणत नाहीत.

मी खाट भिंतीपासून ओढली आणि दुर्वेने मोहरीचं तेल ठिबकवत तिच्या चारी पायांना लगटून रेघ काढली. या रेघेच्या आत यमाला येता येत नाही आणि टीका होईपर्यंत कुणी ती ओलांडायची नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उंबऱ्यावर दाइचा एक अक्रोड फोडला. त्याच्या उशाशी वाळूनही न कोमेजणाऱ्या जांभळ्या मखमली फुलांची माळ ठेवली. "हे तेल सुकेपर्यंत, ही फुलं कोमेजेपर्यंत माझ्या भावाला हात लावू नकोस," असं पुटपुटले आणि रेघेबाहेरूनच वाकून त्याच्या कपाळावर सात रंग लावले. त्यांतला लाल कुठला नि त्याच्या नाकातून आलेला लाल कुठला, तेही कळेना.

मग पुन्हा दोन नळ्या भरल्या. त्याची रेघेच्या आत, खाटेलाच उशाशी ठोकलेल्या फळीवर ठेवली. तिथे दुसरीला जागा नव्हती, म्हणून माझी खिडकीत ठेवली.

वेळ झाल्यावर डॉक्टरांनी त्याची नळी आडवी केली. आत सुरेख गोळा. ते चक्क ओरडले, "गोठलं! अगं, गोठलं!" मी हसत, रडत माझी नळी उचलली आणि आतलं रक्त भसकन माझ्या मनगटावर सांडलं.

"खिडकीत गार लागलं असेल," ते म्हणाले. "नाहीतर नळ्यांची अदलाबदल केली असशील. तुझं चित्त ठिकाणावर आहे कुठे?"

अदलाबदल झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी माझी नळी काखेत धरून बसले आणि शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "काय गं, अंडं उबवतेस का?" मीही हसले. वेळ झाल्यावर पाहिलं तर रक्त वाहत होतं. त्यानंतर मला जे सुचलं ते सुचायला नको होतं. मी दाइच्या उशाची औषधं बाजूला सारली आणि माझ्याच रक्ताची नवी नळी रेघेच्या आत ठेवली. ती गोठली. त्याच सुईतून भरलेली दुसरी नळी माझ्या हातात होती. ती गोठली नाही.

मला भीती वाटली. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या खोलीत मला मागे वळून बघायची भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना थुंकी लाल आली. कंबरपट्टा जिथे घट्ट बसतो तिथे निळे डाग उठले. डॉक्टर म्हणाले, "थकलीस. उद्या तुझं रक्त शहरात तपासायला पाठवू." दाइ मात्र तासातासाला माणसात येत होता. सुईची भोकं मिटली होती, गालांवर रंग आला होता. आणि जमिनीवरची रेघ झाडूवाली रोज फडकं मारून जायची तरी ओलीच होती.

तिसऱ्या प्रहरी त्याने डोळे उघडले. मी रेघेला पाय न लावता खाटेजवळ उभी होते. सकाळी नळी भरायला टोचलेल्या कोपरावरचा कापूस भिजून रक्त बाहीतून बोटांवर उतरलं होतं.

"कान्छी," तो क्षीण आवाजात म्हणाला. लहानपणापासून तो मला याच नावाने हाक मारतो. "तू बाहेर का उभी आहेस? ये ना आत."

"रेघ आहे, दाइ. मोडेल ती."

त्याने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या खांद्याच्या जरा वर, मागे, आणि त्याचा चेहरा पुन्हा परवासारखा पांढरा पडला.

"मोडू दे," तो म्हणाला आणि त्याने चांगला पाय खाटेवरून खाली सोडला, रेघ पुसायला.

"दाइ, नको! पाय वर घे!"

मी ओणवी झाले आणि त्याचं पाऊल दोन्ही हातांनी हवेतच धरलं. तो जोर लावून खाली रेटत होता, मी वर उचलत होते. माझ्या बोटांवरून रक्त ओघळत होतं. जे माझ्या पायाशी पडलं ते तसंच वाहत गेलं, आणि जे रेघेपलीकडे, त्याच्या पावलावर पडलं, ते पडताक्षणी गोठलं.