बिनचिंचेचं अळू

गेल्या पंधरा ऑगस्टच्या पंगतीला गोदातीर या मराठी मंडळाच्या दारातून हनानला परत पाठवलं, तेव्हा शैला आत अळू घोटत होती. हनान सुदानची. हैदराबादेत फार्मसी शिकायला आलेली, शैलाच्याच घरी राहणारी. "बेटी, आज घर के लोगां का कार्यक्रम है," अध्यक्ष हिम्मतराव तिला म्हणाले, आणि पान मांडलेलं असताना पोर उपाशी रिक्षात बसली. पुढं हिम्मतरावांनी ठरावच केला: या पंगतीत परदेशी काही नको, ना माणूस, ना जिन्नस. कार्यकारिणीचे अकराच्या अकरा हात वर.

शैलाचा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलेला. तिनं फक्त ठरावाची प्रत मागून घेतली आणि यंदाचा स्वयंपाक अंगावर घेतला.

रिवाजाप्रमाणे पहिली पंगत कार्यकारिणीची. सेवेकऱ्यांनी आधी जेवायचं, ही मंडळाची सेवेची व्याख्या.

"शैलाताई, बटाट्याची भाजी?"

"बटाटा दक्षिण अमेरिकेचा, हिम्मतराव. मिरची, शेंगदाणे, काजू तिकडचेच. हिंग अफगाणिस्तानचा."

"वा! याला म्हणतात निष्ठा!" हिम्मतरावांनी अळूचा भुरका मारला. निष्ठेपोटी दोन वाट्या संपवल्या आणि भाषणाला उठले.

"माझ्या राष्ट्रप्रेमी बंधू..."

भगिनींपर्यंत ते पोचलेच नाहीत. घशात कुणीतरी काथ्या फिरवत होतं. खजिनदार लक्ष्मणराव रुमालानं जीभ पुसत होते. सगळी ओळ खाकरू लागली.

"चिंच घातली नाहीत?" लक्ष्मणराव कळवळले.

"चिंच मूळची आफ्रिकेची. बेगम बाजारात हातात घेतलेली पिशवी परत ठेवली मी. अनुमोदन तुमचंच होतं ना?"

"अहो, मग आमसूल! ते तर आपलंच!"

"हो की. ते मात्र विसरले."

हिम्मतराव घसा धरून म्हणाले, "काहीतरी... द्या!"

"चिंचेचं सरबत आहे, मोठा जग भरून. हनान घेऊन दाराबाहेर उभी आहे. ठराव आडवा येतो."

अकरा हात वर गेले. मंडळाच्या इतिहासात भाषणाविना रद्द झालेला हा पहिला ठराव.

"हात खाली घ्या," शैला म्हणाली. "हिम्मतराव, तिला घालवलंत तुम्ही, आणायलाही तुम्हीच जायचं."

छातीवर तिरंगी बिल्ला लावलेले हिम्मतराव दाराशी गेले. "बेटी... अंदर आओ."

एका हाकेला यायचं नाही, हे शैलानं हनानला सकाळीच बजावलेलं होतं.

"क्या बोले अंकल? सुनाई नहीं दिया."

तिसऱ्या वेळी हिम्मतरावांचा आवाज फुटला, पार रस्त्यापर्यंत. मग हनान आत आली. शैलानं तिला अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं, नवं पान मांडलं आणि झाकून ठेवलेल्या दुसऱ्या पातेल्यातलं अळू वाढलं. त्यात चिंच होती, शेंगदाणे होते, काजूसुद्धा.

नंतर हनाननं आणलेला जग उचलून शैला ओळीनं सरबत वाढू लागली. हिम्मतराव डाव्या टोकाला पेला पुढं करून उभे होते.

शैलानं उजव्या टोकापासून सुरुवात केली. सावकाश.